सॅलरी कॅप नेमकी कधी मोजायची? फँटसी हॉकीतल्या भांडणांचं मूळ

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट आहे, पहाटे चार बावन्नला कसबा बावड्यातल्या आमच्या मित्राने आमच्या फँटसी लीगच्या शीटमधून एक डिफेन्समन (बचावपटू) काढून टाकला आणि डेअरीत दूध घालायला निघून गेला. सकाळी सातला ग्रुपवर राजारामपुरीवाल्याचा स्क्रीनशॉट येऊन पडला होता, वेळ चार एकतीस, बावडेकराच्या टीमच्या पगारांची बेरीज ७५६ लाख डॉलर, आणि आमची कॅप, म्हणजे वरची मर्यादा, ७५०. खाली एकच ओळ, "भावा, नियम साडेचारचा आहे." तिथून जे सुरू झालं ते चार दिवस चाललं, आणि त्या चार दिवसांत मला सॅलरी कॅप जेवढी कळली तेवढी आधीच्या दोन सीझनमध्ये कळली नव्हती, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी थोडं मागचं सांगतो. कोल्हापुरात हॉकी म्हटलं की लाईन बझार आणि मेजर ध्यानचंद स्टेडियम, म्हणजे टर्फवरची आपली हॉकी. आम्ही आठ जण जी लीग खेळतो ती आइस हॉकीची, अमेरिका-कॅनडातल्या एनएचएलची (नॅशनल हॉकी लीग), कारण आमच्यातल्या एकाचा मावसभाऊ टोरांटोला असतोय, तो पण आमच्या आठांतच, आणि त्याच्यामुळे हा नाद लागला. फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली कागदावरची टीम करायची, ते तिकडे खऱ्या मॅचमध्ये गोल मारतील, असिस्ट (गोलसाठीचा पास) देतील, त्याचे पॉइंट आपल्याला. पैसे अजिबात लावत नाही, हरलेल्याने सीझन संपल्यावर सगळ्यांना मिसळ द्यायची एवढंच, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैशाची फँटसी देशात बंदच झाली त्यामुळे कुणी तसं सुचवतही नाही.

आता कॅप म्हणजे काय. पाचशेची एक नोट घेऊन कपिलतीर्थ मंडईत जायचं आणि आठवड्याची सगळी भाजी त्यात बसवायची. त्यातच आंब्याची पेटी घेतलीत तर कांदे-बटाट्याला पैसे उरणार नाहीत, एवढंच. प्रत्येक खेळाडूला खऱ्या लीगमध्ये जो पगार आहे तोच आपल्या शीटमध्ये त्याचा भाव, आणि सगळ्यांचा मिळून एक ठरलेला आकडा ओलांडायचा नाही. कॉनर मॅकडेव्हिड घेतला की १२५ लाख डॉलर गेले, लिऑन ड्रायसाइटल घेतला की २०२५-२६ पासून १४० लाख, दोघं घेतले तर आमच्या ७५० मधले २६५ दोन माणसांत संपले आणि राहिलेल्या सोळा जणांना ४८५ लाखांत बसवायचं. (इथून पुढे लाख म्हणजे लाख डॉलर, मिलियनच्या भानगडीत पडलं की आमची निम्मी पोरं शून्यात चुकतात.)

७५० कुठनं आलं तेही सांगतो, कारण नवीन लीग काढणारे इथेच अंदाजपंचे आकडा टाकतात. एनएचएलची २०२५-२६ ची वरची मर्यादा ९५५ लाख, आणि टीम असते २३ जणांची. आमची टीम १८ जणांची. ९५५ ला २३ ने भागून १८ ने गुणलं की ७४७ आणि थोडं येतंय, ते आम्ही ७५० धरलं. असं केल्याने खऱ्या टीमच्या मॅनेजरला जी ओढाताण होते तीच आपल्याला होते. आकडा ९०० ठेवला असता तर सगळ्यांनी सगळे स्टार घेतले असते आणि डोकं लावायला काही उरलंच नसतं.

खऱ्या लीगमध्ये ही कॅप आली कशी, ते लक्षात घेण्यासारखं आहे. २००४-०५ चा अख्खा सीझन मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला, एकही मॅच झाली नाही, स्टॅनली कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा चषक, कुणालाच दिला गेला नाही. त्या भांडणातून २००५ मध्ये कॅप जन्माला आली, पहिल्या वर्षी ३९० लाख. लीगची कमाई वाढेल तशी ती वाढत गेली. कोरोनात कमाई पडली तेव्हा तीन सीझन ८१५ वर गोठली, आणि आता एकदम उड्या मारायला लागली आहे, २०२४-२५ ला ८८०, मग ९५५, आणि २०२६-२७ साठी १,०४० जाहीर झालेत. खालची मर्यादा पण असते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०२५-२६ ला ती ७०६ आहे, म्हणजे मालकाने कंजूषपणा करून सगळी स्वस्तातली पोरं खेळवायची नाहीत. आम्ही पण खालची मर्यादा ठेवली आहे, कारण एका वर्षी शेवटच्या नंबरवर गेलेल्या एकाने सगळे महागडे खेळाडू सोडून दिले आणि लीगचा मजाच गेला होता.

पगार म्हणजे कुठला पगार, इथे पहिली गल्लत होते. खेळाडूला यंदा हातात किती मिळाले ते कॅपमध्ये धरत नाहीत. पूर्ण कॉन्ट्रॅक्टची रक्कम भागिले वर्षं, ही जी सरासरी येते ती धरतात, तिला कॅप हिट म्हणतात. उसाचं बिल कारखान्याने एकरकमी दिलं काय किंवा तीन हप्त्यांत दिलं काय, टनाचा दर तोच राहतो, तसंच हे. ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकतो की याला यंदा १५० मिळाले आणि तुझ्या शीटला १२५ कसे, तर उत्तर हे आहे.

आणि याच सरासरीतनं एक मोठी भानगड झाली होती, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवालचुकशी १७ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट केलं, १,०२० लाखांचं. सरासरी ६० लाख, वरवर काही वावगं दिसत नाही. पण आत बघितलं तर पहिल्या ११ वर्षांत ९८५ लाख आणि शेवटच्या ६ वर्षांत मिळून फक्त ३५ लाख. कॉन्ट्रॅक्ट संपताना माणूस ४४ वर्षांचा होणार होता. म्हणजे शेवटची वर्षं तो खेळेल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती, ती फक्त सरासरी खाली ओढायला जोडलेली. लीगने हे नामंजूर केलं, प्रकरण लवादाकडे गेलं, आणि लवाद रिचर्ड ब्लॉक यांनी लीगच्या बाजूने निकाल दिला. मग १५ वर्षं १,००० लाख असं नवीन कॉन्ट्रॅक्ट झालं, तरी डेव्हिल्सला ३० लाखांचा दंड आणि ड्राफ्टमधल्या (नवीन खेळाडू वाटून घेण्याच्या) निवडी गमावण्याची शिक्षा झालीच. ती शिक्षा २०१४ मध्ये बरीच सौम्य केली, आणि कोवालचुक तर २०१३ लाच एनएचएल सोडून रशियाला गेला होता.

मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, वा, म्हणजे नियमाचा शब्द पाळला तरी हेतू मोडला की पकडतात. पण तसं नाहीये. लीग आणि खेळाडू संघटनेच्या करारातच लिहिलेलं होतं की कॅपला वळसा घालणारा व्यवहार चालणार नाही. हेतू स्वतःच कागदावर होता, म्हणून तर लवादाला त्यावर उभं राहता आलं. हा फरक आमच्या नोव्हेंबरच्या भांडणात कामाला आला, त्याकडे येतोच.

आधी मुख्य मुद्दा. दोन सीझनमधली आमची भांडणं मी वहीत काढून बघितली. "कॅप किती" यावर एकही भांडण नव्हतं. जवळपास सगळी "कॅप कधी" यावर होती. ट्रेड (दोन टीममधली खेळाडूंची अदलाबदल) झाला त्या क्षणी बसायला पाहिजे की मॅच सुरू होताना? जखमी खेळाडू बरा झाला त्या दिवशी की आपण त्याला टीममध्ये परत घेतला त्या दिवशी? सोडलेल्या खेळाडूचे पैसे आज मोकळे होणार की सीझन संपल्यावर? आकडा सगळ्यांना पाठ असतो, घड्याळ कुणी लिहून ठेवत नाही.

एनएचएलने स्वतः या "कधी"ची बारीक सोय केलेली आहे. तिथे कॅप रोजच्या रोज मोजतात, विजेच्या मीटरसारखी. उन्हाळ्यात, सीझन नसताना, १० टक्के वर जायला परवानगी असते, सुरुवातीच्या दिवशी मात्र आत यावं लागतं. आणि रोज मोजत असल्यामुळे जी टीम सुरुवातीपासून १० लाखांची जागा मोकळी ठेवते ती पाव सीझन उरला असताना ४० लाख पगाराचा खेळाडू घेऊ शकते, कारण त्याला द्यायचा पगार पण पावच वर्षाचा असतो. हे लई सुंदर आहे पण घरगुती लीगमध्ये करू नका असं माझं मत आहे, आम्ही पहिल्या वर्षी केलं आणि शीटचे फॉर्म्युले एकट्या टोरांटोवाल्यालाच कळत होते, बाकीचे सातजण त्याच्या शब्दावर. ज्या हिशोबाची बेरीज शेवटच्या नंबरच्या पोराला मोबाइलवर करता येत नाही त्या हिशोबावर भांडण होणारच. आता आम्ही दिवसातून एकदाच, ठरलेल्या क्षणी बेरीज बघतो, बास.

तर तो क्षण. ऑक्टोबरमध्ये मी नियम लिहिला, "पहाटे साडेचारला कॅप बघितली जाईल." का साडेचार, तर तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर मॅचेस साधारण संध्याकाळी सातला सुरू होतात आणि आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात. त्या दिवसापासून सातची मॅच आपल्याकडे साडेपाचला. बावडेकराने ॲपमध्ये बघितलं, पहिली मॅच साडेपाचला, आपल्याकडे वेळ आहे, म्हणून त्याने निवांत चहा घेऊन चार बावन्नला खेळाडू काढला. राजारामपुरीवाल्याने नियम बघितला. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते, आणि चूक असेल तर नियम लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी.

आमच्यात अशा वेळी तिघांचं पंचमंडळ बसतं. मी कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, असलो तरी माझाच नियम वादात होता म्हणून मी बाजूला झालो, तिसरा म्हणून शिवाजी पेठेतल्याला घेतलं. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर बसले तिघं, मी लांब कणीस खात बसलेलो. बावडेकराचं म्हणणं होतं की नियमाचा हेतू मॅचच्या आधी हा आहे, आणि मला मनातून ते पटत होतं. पण पेठेतल्याने विचारलं, हेतू लिहिलाय कुठे? लिहिलेलं फक्त साडेचार. आज हेतूवर सोडलं तर उद्या प्रत्येकजण प्रत्येक नियमाचा आपल्या सोयीचा हेतू सांगणार. निकाल बावडेकराच्या विरोधात गेला. त्याचा त्या दिवशीचा सगळ्यात शेवटी घेतलेला खेळाडू शून्य धरला, चार पॉइंट गेले, आणि तो आठवडा तो अडीच पॉइंटने हरला. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं, पण निकाल बरोबर होता. तीन ओळींत कारण लिहून ग्रुपवर टाकलं तेव्हा बावडेकराने फक्त "ठीक" लिहिलं, आणि पुढचा आठवडाभर चहाला आला नाही.

दुसऱ्या दिवसापासूनचा नियम असा केला: त्या दिवसाची पहिली मॅच ॲपमध्ये ज्या वेळेला दाखवते त्या वेळेला कॅप बघायची, आणि या नियमाचा हेतू हा की खेळ सुरू होताना प्रत्येक टीम मर्यादेत असावी. हेतू आता लिहिला. तासाऐवजी पहिली मॅच धरली त्याचं अजून एक कारण आहे, शनिवारी तिकडे दुपारी एकला पण मॅच असते, हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा, त्यामुळे कुठलाही एक आकडा लिहिला तर तो कधी ना कधी फसणारच. आणि सीझनच्या मध्ये बदललेला नियम मागे लागू करायचा नाही, हे पण लिहिलं, नाहीतर बावडेकराचे चार पॉइंट परत द्या म्हणून नवीन भांडण तयारच होतं.

शिक्षेबद्दल थोडं. बऱ्याच लीगमध्ये कॅप ओलांडली की त्या दिवसाचे सगळे पॉइंट शून्य करतात. माझ्या मते हे चुकीचं आहे, शिक्षा मोठी असली की पंच ती द्यायला घाबरतात आणि सूट द्यायला लागतात, एकाला सूट दिली की संपलं. शेवटी घेतलेला एकच खेळाडू शून्य, ही शिक्षा छोटी आहे म्हणून दर वेळी देता येते.

जखमी खेळाडूंचं प्रकरण सगळ्यात अवघड. एनएचएलमध्ये खेळाडू किमान १० मॅच आणि २४ दिवस बाहेर राहणार असेल तर त्याला लाँग टर्म इंजर्ड रिझर्व्हवर, म्हणजे दीर्घकाळ जखमींच्या यादीत, टाकता येतं. लोकांना वाटतं त्याचा पगार पुसला जातो, तसं नसतंय, पगार खात्यात राहतो, पण त्याच्या जागी दुसरा घेण्यापुरती कॅप ओलांडायची मुभा मिळते. २०२०-२१ ला टॅम्पा बे लाइटनिंगच्या निकिता कुचेरोव्हचं कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन झालं, ९५ लाखांचा खेळाडू, अख्खा नियमित सीझन बाहेर. प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, कॅप लागूच नव्हती, तिथे तो पहिल्या मॅचपासून उतरला, प्लेऑफमध्ये सगळ्यात जास्त, ३२ पॉइंट केले, आणि टॅम्पा कप जिंकली. कॅपच्या जवळपास १८० लाख वरची टीम होती ती. बाकीच्यांनी बोंबाबोंब केली पण नियम मोडलेला नव्हता, नियमातच "प्लेऑफमध्ये कधी मोजायची" हा रकाना रिकामा होता.

आमच्याकडे हेच लहान स्वरूपात झालं. एकाचा गोलकीपर बरा होऊन तीन आठवडे खेळत होता, तरी त्याने त्याला जखमींच्या जागेतच ठेवलेला, कारण बाहेर काढला तर ६२ लाख कॅपमध्ये बसत नव्हते. त्याचं म्हणणं, मी त्याचे पॉइंट घेतच नाहीये. बरोबर आहे, पण त्या ६२ लाखांत त्याने दुसरा गोलकीपर आणून त्याचे पॉइंट घेतले की. आता नियम असा: खऱ्या टीमने खेळाडूला परत यादीत घेतल्यापासून ४८ तासांत तुम्ही त्याला परत घ्यायचा किंवा सोडायचा. डॉक्टर काय म्हणाला, बातमीत काय आलं, यात पडायचं नाही, खऱ्या टीमची यादी हाच पुरावा.

सोडलेल्या खेळाडूचे पैसे हा पुढचा विषय. खऱ्या लीगमध्ये कॉन्ट्रॅक्ट मध्येच तोडलं तर त्याला बायआउट म्हणतात. उरलेल्या रकमेच्या दोन तृतीयांश द्यायची, २६ वर्षांखालच्याला एक तृतीयांश, आणि ती उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत पसरायची. समजा वर्षाला ६० लाख आणि दोन वर्षं उरलीत, तर १२० चे दोन तृतीयांश ८०, ते चार वर्षांत, म्हणजे दर वर्षी २० लाख कॅपमध्ये मेलेले, माणूस नाही पण त्याचा भार आहे. हप्त्यावर घेतलेली गाडी विकली तरी कर्ज फिटेपर्यंत हप्ता जातो तसं. आम्ही सोपं केलं, सोडलेल्याचे अर्धे पैसे सीझन संपेपर्यंत अडकून राहतात. हे नसतं तर लोक रोज सकाळी खेळाडू बदलत बसतात आणि कॅपला काही अर्थ राहत नाही.

ट्रेडचं भांडण मात्र वेळेचं नसतंय, ते विश्वासाचं असतंय. तळाला गेलेला आपला स्टार वरच्याला देतो, बदल्यात फालतू खेळाडू घेतो, आणि सगळे म्हणतात यांचं आधीच ठरलेलं. काही ठिकाणी यावर सगळ्यांचं मतदान घेतात, मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. आम्ही एक सीझन घेतलं, तर चांगले ट्रेड पण पडायला लागले, कारण शेजारची टीम मजबूत होऊ नये म्हणून प्रत्येकजण नाहीच म्हणणार, त्यात न्याय कुठे आला? आता ट्रेड फक्त पंचमंडळ अडवू शकतं, ट्रेडमधला माणूस त्यात बसत नाही, आणि प्रश्न एकच विचारायचा, दोघांनाही यातून आपापली टीम सुधारेल असं वाटायला काही कारण आहे का? तळाच्या माणसाने पुढच्या वर्षासाठी तरुण पोरं घेतली तर ते कारणच आहे, भले आज ट्रेड एकतर्फी दिसू दे. पगाराचा काही भाग आपल्याकडे ठेवून खेळाडू द्यायची पद्धत पण एनएचएलमधलीच, जास्तीत जास्त निम्मा पगार, आणि एका टीमला एका वेळी असे तीनच. आम्ही एकच ठेवलाय, तीनमध्ये शीट वाचता येईना.

आता एक गोष्ट अजून ठरायची आहे. नव्या करारानुसार २०२५-२६ पासून एनएचएलच्या प्लेऑफमध्ये पण कॅप आली, त्या रात्री बर्फावर उतरणाऱ्या २० जणांची बेरीज मर्यादेत पाहिजे. कुचेरोव्हच्या वेळचा तो रिकामा रकाना भरला. आमच्या फायनलच्या आठवड्यांना आम्ही आजवर कॅप सोडून देत होतो, जखमी परत आले की सगळ्यांची टीम फुगायची आणि ज्याने आधी जास्त स्टार लपवून ठेवले तो जिंकायचा. मी कॅप लावावी या बाजूचा आहे, टोरांटोवाला विरोधात, त्याचं म्हणणं फायनलला तरी सगळे स्टार खेळू देत. येत्या रविवारी परत रंकाळ्यावर बसणार आहोत, बावडेकर पण येतोय, आणि या वेळी पंचमंडळात तो आहे.